धाग्याची हवा, माणसाची हवा

आमच्या इचलकरंजीच्या गल्लीत एक काका सायझिंगला जायचे. पाळी सुटून घरी आले की अंगणातल्या दोरीवर बनियन टाकायचे. वाळल्यावर त्या बनियनवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसायच्या, एकीच्या आत एक, पूर ओसरताना काठावर राहतात तशा. लहानपणी मला ती खळ वाटायची, कारण सायझिंगमध्ये सुताला खळ लावतात एवढं माहीत होतं. एकदा काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "खळ कसली, मीठ हाय ते त्यांच्या अंगातलं." काकांना विचारलं, तिथं फार उकडतं का हो? ते म्हणाले, "सवय हाय की आता."

हे उत्तर मी पुढे अनेकांकडून ऐकलं. मागावरच्या विणकराकडून, फौंड्रीतल्या ओतकाम करणाऱ्याकडून, पावाच्या भट्टीवरच्या माणसाकडून. तेव्हा त्यात मला कणखरपणा दिसायचा. आज तेच वाक्य ऐकलं की काळजी वाटते. त्या चार शब्दांत कामगाराने सगळी जबाबदारी स्वतःच्या शरीरावर घेतलेली असते. ती त्याच्यावर कुणी टाकली, हा प्रश्न त्यात मिटून जातो.

सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ पाजायची आणि मग ते वाफेच्या तापलेल्या सिलिंडरवरून फिरवून वाळवायचं. एका बाजूला खळ शिजत असते, दुसऱ्या बाजूला सिलिंडर तापलेले, पलीकडे बॉयलर. सुतातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि वर नीट हूड-पंखा नसेल तर तिथल्याच हवेत मिसळतं. तिथून ताणा गुंडाळलेला रूळ, म्हणजे बीम, मागावर येतो. मागाच्या शेडमध्ये भट्टी नसते, पण दुसरी अडचण असते. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो, तुटतो, आणि धागा तुटला की माग थांबतो. म्हणून विणाईच्या खात्यात हवा दमट ठेवतात. सुती विणाईला पंचाहत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता मानवते, हे वस्त्रोद्योगात शिकलेला कुणीही सांगेल. मोठ्या ठिकाणी त्यासाठी यंत्रणा असते. लहान शेडमध्ये खिडक्या लावून घेतात, जमिनीवर पाणी मारतात. वर पत्रा, खाली ओली फरशी, मध्ये मागांच्या मोटारींची ऊब आणि बारा तास उभा माणूस.

धाग्याला जी हवा लागते, तिच्या नेमकी उलट हवा माणसाला लागते. माझं सगळं म्हणणं या एका विरोधावर उभं आहे, म्हणून शरीराचं गणित थोडं सविस्तर मांडतो.

स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करतो. अंगमेहनतीचं काम करताना ती चौपट-पाचपट होते. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर रक्त तापत जातं. बाहेरची हवा अंगापेक्षा गार असेल तर काही उष्णता आपोआप निघून जाते. हवा छत्तीस-सदतीस अंशांवर गेली की तो रस्ता बंद होतो आणि मग एकच उपाय उरतो, घाम. तोही नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कपाळावरून टपकून फरशीवर पडला तर शरीरातलं पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा काहीच मिळाला नाही. दमट शेडमध्ये घाम टपकतो. काकांच्या बनियनवरच्या रेघा त्या वाया गेलेल्या घामाच्या होत्या.

म्हणून नुसत्या तापमानाचा आकडा फसवा असतो. तापमापकाच्या फुग्याभोवती ओली चिंधी गुंडाळली की पाणी वाळताना पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका जास्त. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घामाने ओलं झालेलं अंग कितपत गार होऊ शकेल, हे तो पारा सांगतो. जळगावात मे महिन्यात सावलीत 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर वेट बल्ब सुमारे 24 अंश येतो. मागाच्या शेडमध्ये 36 अंश आणि 75 टक्के असेल तर तोच आकडा 32च्या आसपास जातो. 42 हा आकडा ऐकून आपण हळहळतो, 36 ऐकून काहीच वाटत नाही. पण पहिल्या जागी सावलीत काम करणाऱ्याचा घाम वाळतो, दुसऱ्या जागी फारच कमी वाळतो. वेट बल्ब 35 अंशांवर गेला तर धडधाकट माणूसही स्वस्थ बसून फार काळ तग धरू शकत नाही, असा सिद्धांत होता. अलीकडे अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत ही मर्यादा त्याहून बरीच खाली, दमट हवेत 31 अंशांच्या आसपास आढळली. तीही अगदी हलक्या हालचालींसाठी.

हवामान खात्याचा इशारा या शेडमध्ये पोचत नाही. खात्याचा तापमापक मोकळ्या जागेत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. मैदानी भागात किमान 40 आणि किनाऱ्यावर 37 अंश झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होत नाही. भिवंडीसारख्या मागांच्या गावात बाहेर 35 अंश असेल तर त्या दिवशी कुठलीच लाट नसते. पत्र्याखालच्या शेडमध्ये मात्र ती मार्चपासून जूनपर्यंत ठाण मांडून असते. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हाने माणसं गेली आणि उष्माघात हा शब्द घराघरांत पोचला. त्यानंतर दुपारच्या उघड्यावरच्या कार्यक्रमांवर निर्बंध आले. ते योग्यच होतं. पण त्यामुळे एक समजही घट्ट झाला, की उष्माघात म्हणजे ऊन. डोक्यावर छप्पर आहे म्हणजे माणूस सावलीत आहे, म्हणजे सुरक्षित आहे.

उन्हाला जबाबदार कोणी नसतं, पण शेडमधल्या उकाड्याला असतं. छप्पर किती उंच ठेवायचं, पत्रा घालायचा की कौल, वाफेच्या नळ्यांना आवरण द्यायचं की नाही, खिडकी उघडायची की लावायची, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. ती रचना आहे, आणि आपण मात्र तिच्याबद्दल ऋतूबद्दल बोलावं तसं बोलतो.

हे फार पूर्वी इंग्लंडच्या विणकरांनी ओळखलं होतं. लँकेशरच्या मागखात्यांत मालक वाफ सोडायचे, धागा तुटू नये म्हणून. विणकरांनी त्याविरुद्ध ओरड केली आणि 1889 साली तिथल्या संसदेने खास सुती कापडाच्या कारखान्यांसाठी कायदा केला. अमुक तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती दमटपणा चालेल याचं कोष्टकच त्यात होतं. शेडमध्ये कोरड्या आणि ओल्या फुग्याचे तापमापक टांगून नोंदी ठेवणं बंधनकारक झालं. पुढे 1905 मध्ये जे. एस. हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने खाणींचा आणि तापलेल्या खोल्यांचा अभ्यास करून दाखवलं, की माणसाचं अंग तापू लागतं ते वेट बल्बच्या पाऱ्यावर, साध्या पाऱ्यावर नव्हे. आणि 1923 मध्ये के. एन. मॉस यांनी कोळसा खाणीतल्या मजुरांच्या पेटक्यांचं कारण शोधलं. खूप घाम गाळून ते नुसतं पाणी पीत होते, मीठ भरून निघत नव्हतं. आपल्याकडे पाळीच्या शेवटी पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून तेल चोळत बसणाऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान अजून मिळालेलं नाही.

दोन फुग्यांचं ते यंत्र आजही गिरण्यांत आणि मोठ्या मागखात्यांत भिंतीवर टांगलेलं असतं. माणसासाठी कायद्याने तिथं आणलेला तो पारा आता सुतासाठी वाचला जातो. ओल्या फुग्याचा आकडा सुपरवायझर रोज पाहतो, त्यावरून आर्द्रता काढतो, ती कमी भरली की फवारा वाढवतो. त्याच आकड्यावरून समोर उभ्या माणसाला किती धोका आहे तेही कळतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता त्या सवयीकडे वळतो. सवय खोटी नाही. शरीर उष्णतेला खरोखर जुळवून घेतं. सात ते चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडीचे ठोके उतरतात. काका खोटं बोलत नव्हते. पण या सवयीला दोन मर्यादा आहेत आणि दोन्ही जीवघेण्या आहेत. पहिली अशी, की सवय शरीराची तयारी वाढवते, हवेचा नियम बदलत नाही. घाम जास्त सुटला तरी दमट हवेत तो वाळणार नसेल तर नुसतं पाणी लवकर संपतं. दुसरी, ही सवय टिकत नाही. आठवडाभर अशा उकाड्यातल्या कामापासून दूर राहिलं की ती ओसरायला लागते आणि काही आठवड्यांत जवळजवळ पुसली जाते.

भिवंडीतला विणकर बहुतेक वेळा उत्तर प्रदेश-बिहारचा असतो. एप्रिल-मेमध्ये लग्नसराईला, गव्हाच्या कापणीला तो गावी जातो. परत येतो तो मेच्या शेवटी किंवा जूनच्या तोंडावर, म्हणजे पाऊस यायच्या आधीच्या सर्वांत कोंदट दिवसांत. आल्या दिवशी बारा तासांची पाळी धरतो, कारण गावी पैसे संपलेले असतात. मुकादमाच्या दृष्टीने तो दहा वर्षांचा जुना कामगार असतो, शरीराच्या दृष्टीने नवखा. कामाच्या जागी उष्णतेने झालेल्या मृत्यूंचा जिथे अभ्यास झाला, तिथे पहिले काही दिवसच सर्वांत घातक ठरलेले दिसतात. म्हणून अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा साधा नियम आहे. नवा माणूस पहिल्या दिवशी उष्ण जागी एक-पंचमांश वेळच काम करील आणि रोज तेवढंच वाढवील. रजेवरून आलेला जुना माणूस निम्म्यापासून सुरुवात करून चौथ्या दिवशी पूर्ण पाळी धरील. आपल्याकडे "जुना माणूस आहे" म्हटलं की विषय संपतो.

हा नियम आपल्याकडे चालत नाही, कारण मजुरी कापडाच्या मीटरवर असते. किती पिकाचं (पीक म्हणजे आडवा धागा) कापड, मीटरला किती पैसे, एवढाच हिशेब. थांबला की पैसे थांबले. अशा पद्धतीत कामगाराला कुणी हाकावं लागत नाही, तो स्वतःच स्वतःचा मुकादम होतो. डोकं जड झालं, मळमळलं, तरी एवढा बीम उतरू दे म्हणतो. उष्णतेचा आजार अशाच अर्ध्या तासात हाताबाहेर जातो.

पाण्याचंही तसंच. उष्ण जागी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, तहान लागायची वाट पाहू नये, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य झालं. शेडमध्ये माठ दाराशी असतो आणि माग आत चालू असतात. कांडी भरणाऱ्या बायकांची अडचण वेगळी आणि जास्त वाईट. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला नीट जागा नसते. म्हणून त्या सकाळपासूनच पाणी तोडतात. मूत्रपिंडाचा, लघवीच्या जळजळीचा त्रास त्यांच्या पाचवीला पुजलेला असतो आणि तो उष्णतेच्या खात्यावर कधीच लिहिला जात नाही. शेडमध्ये स्वच्छ संडास बांधणं हा उष्माघातावरचा उपाय आहे, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ते विषयांतर वाटतं. मला ते विषयाच्या गाभ्यातलं वाटतं.

आणि पाळी सुटल्यावर तरी काय? भिवंडीत भिस्सीत, म्हणजे मजुरांच्या खानावळीत, जेवायचं आणि पत्र्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं, एक उठला की त्याच जागी दुसरा. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं नाही तर उद्याची पाळी आजच्या थकव्यावर चढते.

मागाबद्दल मी जास्त बोललो कारण ते मी पाहिलं आहे. पण शिरोलीच्या फौंड्रीत तेराशे-चौदाशे अंशांचं वितळलेलं लोखंड साच्यात ओततात, तिथं हवेपेक्षा त्या लाल रसाचा झोत माणसाला भाजतो आणि जाड कपडे घाम कोंडतात. एसी बसवणारा मेकॅनिक तळपत्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या वर पालथा पडून तास तास काम करतो, बहुतेक वेळा एकटा, म्हणजे चक्कर आली तर खाली कळायलाही वेळ लागतो. मुंबईच्या बेकऱ्यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवाप्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराड्यातून निघालेला धूर शहराच्या नाकात गेला, म्हणून शहराने त्याची दखल घेतली. त्याच भट्टीची धग मात्र आतच राहते, पीठ मळणाऱ्या आणि पाटे सरकवणाऱ्या माणसांपाशी, आणि तिची दखल घ्यावी असं शहराला वाटलं नाही.

कायदा नाही असं नाही. 1948च्या कारखाना कायद्यात हवा खेळती ठेवा, तापमान सोसवेल असं ठेवा, हे कलम 13 मध्ये स्पष्ट होतं. महाराष्ट्राच्या कारखाना नियमांनी तर आकडाच दिला, कामाच्या खोलीत जमिनीपासून दीड मीटरवर वेट बल्ब 30 अंशांपेक्षा जास्त नको. हॉल्डेनचं शास्त्र आमच्या नियमपुस्तकात उतरलेलं होतं! पण कायदा लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार लागायचे. शेड एकच, पण कागदावर तिचे चार कारखाने, प्रत्येकात आठ माणसं, ही युक्ती मागाच्या गावांत सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तो उंबरठा दहावरून वीसवर गेला. म्हणजे आता युक्तीचीही फारशी गरज उरली नाही. डॉक्टरांनी सरकारला कळवलेच पाहिजेत अशा व्यवसायजन्य आजारांची 29ची यादी कारखाना कायद्याला जोडलेली होती. तिच्यात शिसं होतं, सिलिकोसिस होता, कापसाच्या धुळीचा दमा होता, उष्माघात नव्हता. शेडमध्ये कोसळलेल्या माणसाचं अंगातलं तापमान तातडीने कुणी मोजत नाही, कागदावर हृदयविकार लिहिलं जातं, आणि ज्याची नोंद नाही त्याची दखल घ्यायला कुणाला भाग पडत नाही.

तो कोसळतो तेव्हा काय दिसतं, हेही लोकांना माहीत हवं. बरळायला लागतो, चिडतो, विचारलं त्याला भलतंच उत्तर देतो, पाय लटपटतात. उष्माघातात अंग कोरडं पडतं असं आपण शिकलो, पण काम करता करता उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो. घाम आहे म्हणजे ठीक आहे, ही समजूत जीव घेते. अंगातलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि शुद्ध बिघडली की प्रत्येक मिनिटाला मेंदू, यकृत, मूत्रपिंड भाजत असतं. तेव्हा कांदा हुंगवण्यात आणि रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नये. कपडे काढून त्याला तिथल्या तिथे पाण्याने भिजवावं, शक्य तर हौदात किंवा पिंपात गळ्यापर्यंत बसवावं, डोकं धरून ठेवावं, पंखा लावावा, बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत ठेवावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये. एकाने अँब्युलन्स बोलवावी, पण बाकीच्यांनी ती येईपर्यंत थंड करणं थांबवू नये. आधी गार, मग दवाखाना. मागाच्या शेडमध्ये पाणी असतंच, पण बहुतेक ठिकाणी ते सुतासाठी राखलेलं असतं.

यावर मागवाला जे म्हणेल ते मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, त्या गावात आज अनेक मालक चार-आठ मागांचे आहेत. खर्चीवाला व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो. तो स्वतः त्याच शेडमध्ये, त्याच पत्र्याखाली घाम गाळतो. त्याला खलनायक ठरवून लिहिणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. तो म्हणतो, तासाला दहा मिनिटं विश्रांती दिली तर माग कोण बघणार?

उत्तर गिरणीच्या जुन्या शब्दात आहे, बदली. एक बदली कामगार तासाभरात सहा विणकरांना प्रत्येकी दहा मिनिटं सोडवू शकतो. माग थांबत नाही, मीटर कमी होत नाहीत, फक्त सहा मजुरींच्या जागी सात द्याव्या लागतात, आणि तेही मार्च ते जून. वर्षाच्या एकूण मजुरीत हा भार पाच-सहा टक्क्यांच्या आसपास बसतो. कापडाच्या किमतीत मोठा वाटा सुताचा, मजुरीचा लहान, तेव्हा मीटरमागे हा खर्च आणखी बारीक होतो. चार मागांच्या दोन शेजाऱ्यांनी मिळून एक बदली ठेवला तरी जमेल. पण खर्चीवाल्याने तो एकट्याने सोसावा अशी माझी मागणी नाही. मजुरीवाढीच्या वाटाघाटीत पिकाचे पैसे ठरतात, त्यातच उन्हाळ्याचा बदली धरला जावा आणि व्यापाऱ्याने तो द्यावा. तो ज्या गादीवर बसून दर ठरवतो तिथं बहुधा एसी असतो. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. उकाडा अंगाला लागल्याशिवाय तो हिशेबात येत नाही, एवढंच मला दिसतं.

छपराचं काम त्याहून स्वस्त आहे. अहमदाबादेत मे 2010च्या लाटेत एरवीपेक्षा 1,344 जास्त मृत्यू झाल्याचं अभ्यासातून पुढे आलं, 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवायला घेतली. चुन्याचा पांढरा हात दिलेला पत्रा ऊन परतवतो. वाफेच्या नळ्यांना आवरण, सायझिंगच्या सिलिंडरवर हूड आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा, यांत काही नवीन तंत्रज्ञान नाही. सुताच्या दमटपणाला हात न लावता यातलं बरंच होऊ शकतं.

मला मात्र सुरुवात भिंतीवरच्या त्या दोन फुग्यांपासून हवी आहे. जिथे ते यंत्र आहे तिथे ओल्या फुग्याच्या काचेवर 30च्या रेघेला लाल रंग लावावा. जिथे नाही तिथे दोन साधे तापमापक आणि एक चिंधी पुरते. रोज दुपारी तीन वाजता तो आकडा खडूने दारावर लिहावा, मागवाल्याने किंवा विणकरानेच. लाल रेघ ओलांडली की बदली सुरू, माठात मीठ-साखर-लिंबाचं पाणी, रजेवरून आलेल्याला अर्धी पाळी आणि पूर्ण मजुरी. मार्च ते जूनचे ते आकडे वहीत उतरवून मजुरीच्या बैठकीत टेबलावर ठेवावेत, पिकाच्या दराशेजारी.

काका आता नाहीत. त्यांच्या कागदावरही हृदयविकारच लिहिलेलं आहे, आणि ते बरोबरही असेल. मे महिना होता, रात्रपाळी होती. त्या शेडमध्ये त्या रात्री किती उकडत होतं, हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही.